अक्कलदाढ गेली, अक्कल राहू द्या!

अक्कलदाढ येते ती साधारण सतरा ते पंचविशीच्या दरम्यान. म्हणजे पहिली नोकरी, पहिली बाइक आणि बऱ्याच जणांची पहिली सिगरेट ज्या वयात येते, त्याच वयात! जबड्यात जागा उरलेली नसते. मग ही दाढ आडवी-तिडवी वाढते, हिरडी सुजते आणि डेंटिस्ट एक्स-रे बघून सांगतो, 'काढावी लागेल.'

नोकरी पुण्यात आणि घर सोलापुरात, अशा मंडळींचं प्लॅनिंग सोपं असतं. शुक्रवारी संध्याकाळी 'हुतात्मा' पकडायची, शनिवारी दाढ काढायची, रविवारी आईच्या हातचा मऊ भात खायचा आणि सोमवारी सकाळच्या गाडीने परत. ऐकायला एकदम परफेक्ट! पण खरी परीक्षा सोमवारीच सुरू होते. भूल कधीच उतरलेली, 'आता बरंय' असं वाटू लागलेलं, आणि ऑफिसखालच्या टपरीवर मित्र पाकीट पुढे करतो. 'एकच मारतो की बे, काय होतंय!'

काय होतं, ते बघूच.

गुठळी जपा, बॉस!

दाढ निघाली की तिथे खड्डा पडतो आणि त्यात रक्ताची गुठळी धरते. ही गुठळी म्हणजे खालच्या हाडावरचं आणि नसांवरचं झाकण. तिच्याच आधाराने जखम भरत जाते. ती निसटली किंवा विरघळली, की हाड उघडं पडतं. याचं नाव 'ड्राय सॉकेट'. वैद्यकीय साहित्यात हा शब्द १८९६ पासून आहे, म्हणजे दुखणं काही नवं नाही. ते सहसा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी उभं राहतं. ठणका थेट कानापर्यंत जातो, तोंडाला वास येतो आणि नेहमीची पेनकिलर पुरत नाही. एरवी दात काढल्यावर शंभरात एक ते पाच जणांना हा त्रास होतो. खालच्या अडकलेल्या अक्कलदाढेत प्रमाण बरंच जास्त. आणि सिगरेट ओढणाऱ्यांत ते न ओढणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट!

कारण झुरका तीन बाजूंनी मारतो. ओढताना तोंडात जी पोकळी तयार होते, तिच्या जोराने गुठळी सुटू शकते. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी पोचतं. आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा बळकावतो.

'विडी हलकी असते' हा गैरसमज

आपलं सोलापूर विड्यांचं शहर. इथल्या हजारो बायकांनी विड्या वळून घरं चालवली. २००६ मध्ये कुंभारीला उभी राहिलेली कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहत या विडी कामगार बायकांचीच. त्यांच्या कष्टांबद्दल आदर आहेच. पण विडीत तंबाखू कमी म्हणून ती चालते, हा हिशेब चुकीचा. विडी लगेच विझते. पेटती ठेवायला भराभर आणि जोर लावून ओढावी लागते. ताज्या जखमेला नेमकं हेच नको असतं.

मावा, खैनी? धूर नाही म्हणून सुटका नाही. तंबाखूचे कण खड्ड्यात अडकतात, जखम चिडते आणि सारखं थुंकल्याने गुठळी हलते. वर्षानुवर्षं सुपारी चघळून तोंड उघडणंच कमी झालं असेल, तर दाढ काढतानाच डॉक्टरची कसोटी लागते. ई-सिगरेटवर देशात २०१९ पासून बंदी आहे आणि हुक्का पार्लरवर राज्यात २०१८ पासून. तरी कुणी पुढे केलंच, तरी गणित तेच.

पहिला आठवडा असा काढा

* कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरा. सारखं थुंकू नका.
* पहिले २४ तास चूळ नाही, स्ट्रॉ नाही, गरम चहा नाही. गालावर बाहेरून बर्फ चालेल.
* दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचं पाणी तोंडात हळूच फिरवा आणि सोडून द्या.
* कडक भाकरी आणि शेंगा चटणी काही दिवस विसरा. शेंगदाण्याचा कण खड्ड्यात बसला तर हाल! दहीभात, मऊ खिचडी, गार केलेलं वरण झिंदाबाद.
* सिगरेट किमान ७२ तास बंद. आठवडाभर राहिलात तर उत्तम.
* किती ओढता ते डॉक्टरला आधीच खरं सांगा. आई बाहेर बसलेली असली तरी! गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, त्यांनीही धोका वाढतो.
* निकोटिनचा च्युइंगम किंवा पॅच स्वतःच्या मनाने नको, विचारून घ्या.
* तिसऱ्या दिवशी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, तर लवंग दाबून बसू नका. डेंटिस्ट जखम धुऊन औषधाची पट्टी ठेवतात, तेव्हा आराम पडतो.

मग पुढे काय?

सिगरेटशिवायचे पहिले तीन दिवस सगळ्यात कठीण. चिडचिड, डोकेदुखी, हात सारखा खिशाकडे. इथे मात्र ते तीन दिवस तुमच्या दाढेने तुमच्याकडून काढून घेतलेत! चौथ्या दिवशी पुन्हा टपरीवर जायचं, की पाचवा दिवसही जोडायचा, एवढंच ठरवायचंय. एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय क्विटलाइन मोफत आहे. शिवाय राज्यात २०२० मध्ये सुट्ट्या सिगरेटच्या विक्रीवर बंदी आली, त्यामुळे 'एकच मारतो'ला कायद्याचाही पाठिंबा नाही.

अक्कलदाढेचा अकलेशी संबंध नसतो, असं डॉक्टर सांगतात. ती काढल्यानंतरच्या तीन दिवसांचा मात्र नक्की असतो!