दोन सर्व्हर, एक स्टोरेज: नॅस आयस्कझीने जोडण्याआधी हे समजून घ्या



ऑफिसात एक सर्व्हर आहे, त्यावर तीन-चार व्हर्च्युअल मशीन: टॅली, बिलिंग, फाइल सर्व्हर. हा सर्व्हर बसला की बिलिंग बसलं. म्हणून तुम्ही दुसरा घेता. पण मशीनच्या डिस्क पहिल्याच्याच पोटात असतील, तर दुसरा नुसता बघत बसणार! उपाय असा: डिस्क बाहेर नॅस बॉक्सवर ठेवायच्या आणि दोन्ही सर्व्हर त्याला आयस्कझीने जोडायचे. मग एक पडला तरी तीच मशीन दुसऱ्यावर सुरू करता येतात.

आयस्कझी म्हणजे शेअर्ड फोल्डर नव्हे

इथे नॅस नेटवर्कवरून अख्खी डिस्कच देतो. देणारा नॅस म्हणजे टार्गेट, घेणारा सर्व्हर म्हणजे इनिशिएटर आणि दिलेली डिस्क म्हणजे लन. साधं इथरनेट चालतं, पोर्ट ३२६०.

आणि खरा धोका इथेच आहे. फोल्डर शेअर केला तर कोणती फाइल कोणी उघडली, यावर नॅस लक्ष ठेवतो. लनमध्ये त्याला फाइल दिसतच नाहीत, दिसतात फक्त ब्लॉक. एकाच खतावणीत दोन मुनीम एकमेकांना न विचारता लिहू लागले तर काय होईल? तेच! डेटा खराब. म्हणून क्लस्टरची सोय हवीच: व्हीएमवेअरमध्ये व्हीएमएफएस, हायपर-व्हीमध्ये क्लस्टर शेअर्ड व्हॉल्यूम, प्रॉक्समॉक्समध्ये दोन्ही सर्व्हरचा क्लस्टर करून शेअर्ड एलव्हीएम. साधी एनटीएफएस लन दोन सर्व्हरना एकाच वेळी कधीही देऊ नका.

जोडताना एवढं कराच

१. स्टोरेजसाठी वेगळा स्विच किंवा निदान वेगळा व्हीलॅन. आयस्कझी स्वतःहून डेटा एन्क्रिप्ट करत नाही.

२. नॅस आणि सर्व्हरना कायमचे आयपी द्या.

३. टार्गेटवर फक्त आपल्याच सर्व्हरची आयक्यूएन नावं टाका, शिवाय चॅप पासवर्ड लावा.

४. दोन केबल, दोन मार्ग, म्हणजेच मल्टिपाथ. एक गिगाबिटची लाइन कागदावरसुद्धा सेकंदाला १२५ एमबीच देते, हे विसरू नका.

५. चालू करण्याआधी एक केबल मुद्दाम उपसून बघा. मशीन चालू राहिली तरच पास.

आता धंद्याचा हिशोब

नॅसच बंद पडला तर दोन्ही सर्व्हर एकदम थांबतात. रेड आणि स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. नॅसला यूपीएस लावा, बॅकअप दुसऱ्या जागी ठेवा आणि तो परत चढतो का, हेही तपासा.

आधी एक आकडा काढा: सिस्टिम एक तास बंद राहिली तर तुमचे किती रुपये जातात? अर्धा दिवस खोळंबा चालत असेल, तर एकच सर्व्हर, चांगल्या एसएसडी आणि रोजचा बॅकअप पुरे. चालत नसेल, तरच या खर्चात पडा. व्हेंडरचं कोटेशन त्यानंतर मागवा.