टाकीतला फेस विजेने मोडायचा? पैसे घालण्याआधी हे वाचा



गुऱ्हाळात काहिलीतला रस फेसाळून वर आला की गुळव्या काय करतो? थोडंसं तेल सोडतो, फेस खाली बसतो. आपण कारखान्यात तेच करतो, फक्त तेलाऐवजी अँटिफोम. आणि "अजून थोडं टाक रे" म्हणत बिल वाढवतो. शिवाय जास्त अँटिफोममुळे आंबवण्याच्या टाकीत ऑक्सिजन कमी विरघळतो, आणि सिलिकॉनचं असेल तर मेम्ब्रेन फिल्टर चोंदू शकतो.

मग वीज वापरली तर?

बुडबुडा म्हणजे द्रवाचा पातळ पडदा. साबण किंवा प्रथिनं तो टिकवून धरतात. फेसात दोन इलेक्ट्रोड ठेवून पुरेसं व्होल्टेज दिलं की विद्युतक्षेत्रामुळे पडदा ओढला जातो, पातळ होतो आणि फुटतो. रसायन एक थेंबही नाही!

ऐकायला भारी वाटतं. पण आधी तीन प्रश्न विचारा:

1. द्रव खारट आहे का? डीसी करंट वाहिला की कॅथोडवर हायड्रोजन सुटतो, मिठामुळे ॲनोडवर क्लोरीनही सुटू शकतो. फेस मोडायला गेलो आणि नवे बुडबुडे करून बसलो!
2. वर अल्कोहोल किंवा सॉल्व्हंटची वाफ आहे का? एक ठिणगी पुरे. तिथे हा प्रयोग नकोच.
3. माल खाण्याचा आहे का? इलेक्ट्रोडचा धातू झिजून मालात उतरू शकतो.

म्हणून माझा सल्ला: विजेला आधी पहारेकरी करा. टाकीत वरून स्टीलचा फोम प्रोब सोडा. फेस टेकला की सर्किट पूर्ण होतं, रिले चालतो आणि डोसिंग पंप मोजकंच अँटिफोम सोडतो. टाइमर लावा, म्हणजे नुसत्या शिंतोड्याने पंप सुरू होणार नाही. द्रव तेलकट असेल तर कपॅसिटन्स प्रोब घ्या. ज्वलनशील वाफेच्या जागी त्यासाठी प्रमाणित केलेलाच सेन्सर हवा.

आता हिशोब. समजा टाकी 1000 लिटरची आहे आणि फेसाच्या भीतीने तुम्ही 700 लिटरच भरता. फेस आवरला आणि 850 भरता आली, तर दर बॅचला 150 लिटर माल जास्त. टाकी तीच, माणसं तीच.

या आठवड्याचं काम: रोज किती अँटिफोम टाकलं आणि किती माल उतू गेला, वहीत लिहा. आकडे हातात आले की मगच कोटेशन मागवा. आधी मोजा, मग खर्च करा!