विश्लेषण : घरच्या संगणकाचा बॅकअप घेताय? सॉफ्टवेअर निवडताना आधी हे तपासा!

सारंगखेड्यात दत्तजयंतीची यात्रा भरली, की आमच्या घरी कॅमेरा बाहेर निघतो. घोडेबाजार, तापीचा काठ, यात्रेला आलेले पाहुणे असे कित्येक वर्षांचे फोटो घरच्या संगणकात जमा होत गेले. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात एका दुपारी वीज तीनदा गेली-आली आणि संगणक सुरूच झाला नाही. वडील मात्र निर्धास्त होते. म्हणाले, ‘डी ड्राइव्हला कॉपी ठेवली आहे.’ इंजिनीअर असूनही मी ते कधी तपासले नव्हते. सी आणि डी हे एकाच हार्ड डिस्कचे दोन कप्पे होते. डिस्क बिघडली आणि दोन्ही गेले. डेटा परत मिळवण्याचा खर्च काही हजारांत सांगण्यात आला, तोही हमीशिवाय. आजोबांचा घोड्यासोबतचा एकमेव फोटो त्यातच होता.

अशी वेळ कोणत्याही घरावर येऊ शकते. बाजारात आणि इंटरनेटवर बॅकअपची डझनभर सॉफ्टवेअर आहेत. त्यातले आपल्या कामाचे कोणते, हे कसे ठरवायचे?

बॅकअप म्हणजे नेमके काय?

मूळ फाइलपासून पूर्णपणे वेगळ्या ठिकाणी ठेवलेली आणि गरज पडल्यास परत मिळवता येणारी प्रत म्हणजे बॅकअप. यासाठी जगभर ‘३-२-१’ हा नियम वापरतात. माहितीच्या एकूण ३ प्रती, २ वेगवेगळ्या साधनांवर आणि त्यातली १ घराबाहेर. डी ड्राइव्हवरची कॉपी यातल्या दुसऱ्या अटीवरच नापास होते. घराबाहेरची प्रत म्हणजे क्लाउडच हवे, असेही नाही. शहाद्याला किंवा दोंडाईचाला राहणाऱ्या नातेवाइकांच्या कपाटातली डिस्कही चालते. चोरी, आग किंवा पुराचे पाणी एकाच वेळी दोन्ही घरांत शिरण्याची शक्यता कमी असते.

गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह असताना वेगळा बॅकअप कशाला?

या सेवांचे मुख्य काम ‘सिंक’ करणे, म्हणजे सगळीकडे फाइल एकसारखी ठेवणे हे आहे. त्यामुळे संगणकावर फाइल चुकून डिलीट झाली, तर ती क्लाउडमधूनही निघते. ट्रॅशमध्ये ती ठरावीक दिवसच राहते. गुगल ड्राइव्हमध्ये ही मुदत ३० दिवसांची आहे. चूक त्यानंतर लक्षात आली, तर फाइल गेलीच.

सिंकवर विसंबणे किती महागात पडते, याचे मोठे उदाहरण २७ जून २०१७ रोजी दिसले. ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्रामने मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक निकामी केले. मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे कामही त्यामुळे विस्कळीत झाले. कंपनीच्या नेटवर्कमधील प्रवेश-परवाने सांभाळणारे सुमारे १५० सर्व्हर एकमेकांशी सिंक होत होते. एक पडला तर दुसरा आहे, हा त्यामागचा हिशेब होता. हल्ल्यात ते सगळे एकदमच पुसले गेले. वाचला तो फक्त आफ्रिकेतील घाना इथला सर्व्हर, कारण नेमकी त्या वेळी तिथली वीज गेली होती! त्या एका प्रतीच्या आधारे कंपनीने दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक पुन्हा उभे केले.

आपल्यासाठी यातला धडा साधा आहे. एक प्रत नेहमी संगणकापासून आणि नेटवर्कपासून सुटी ठेवावी. बॅकअप झाला की डिस्कची वायर काढून ती कपाटात ठेवा. रॅन्समवेअर जोडलेली डिस्कही कुलूपबंद करते.

डिस्क घ्यावी की क्लाउड?

आधी गणित करू. समजा, घरात २०० जीबी फोटो-व्हिडीओ आहेत. रोज २ जीबी मिळणाऱ्या मोबाइल प्लॅनवर ते अपलोड करायला १०० दिवस लागतील, तेही बाकी काही न वापरता. अपलोडचा वेग १० एमबीपीएस असलेल्या ब्रॉडबँडवर सलग सुमारे ४५ तास लागतील. एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर हेच काम साधारण तास-दोन तासांत उरकते. शिवाय गुगलवर मोफत जागा १५ जीबी आणि वनड्राइव्हवर ५ जीबीच मिळते.

म्हणून गावाकडच्या घरासाठी पहिली प्रत डिस्कवर घेणे सोयीचे. क्लाउडवर फक्त जे पुन्हा मिळणारच नाही ते ठेवावे. सातबारा पुन्हा काढता येतो, अनेक प्रमाणपत्रे डिजिलॉकरमधून पुन्हा मिळतात. जुने फोटो, लग्नाचे व्हिडीओ, मुलांचे प्रोजेक्ट आणि दुकानाचा हिशेब मात्र कोणतेही कार्यालय परत देत नाही.

सॉफ्टवेअर निवडताना कोणते प्रश्न विचारावेत?

१. ते आपोआप चालते का? आठवण ठेवून हाताने कॉपी करण्याचा नेम दोन महिन्यांत मोडतो. डिस्क जोडताच काम सुरू करणारे सॉफ्टवेअर उत्तम.

२. ते जुन्या आवृत्त्या ठेवते का? बिघडलेली फाइल चांगल्या फाइलवर चढली, तर बॅकअपमध्येही बिघडलेलीच प्रत उरते. मागच्या महिन्यातली फाइल परत मिळायला हवी.

३. त्या सॉफ्टवेअरशिवाय फाइल उघडेल का? मॅक्रियम रिफ्लेक्टची लोकप्रिय मोफत आवृत्ती २०२४ च्या सुरुवातीला बंद झाली. उद्या आपले सॉफ्टवेअर बंद पडले तर काय, हे आजच पाहावे.

४. पासवर्ड हरवल्यास काय? बॅकअपला पासवर्डचे कुलूप लावणे सुरक्षित असते. पण तो विसरला, तर फाइल मालकालाही मिळत नाहीत. तो वहीत लिहून घरात जपून ठेवावा.

मग कोणते घ्यावे?

बहुतेक घरांना पैसे मोजण्याची गरज नाही. विंडोजच्या कंट्रोल पॅनलमध्ये ‘फाइल हिस्ट्री’ आहे. डिस्क जोडलेली असताना ती दर तासाला बदललेल्या फाइलींची प्रत घेते आणि जुन्या आवृत्त्याही ठेवते. मात्र ती डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असे ठरावीक फोल्डरच पाहते. फोटो डी ड्राइव्हवर असतील, तर तो फोल्डर आधी ‘लायब्ररी’त जोडावा लागतो. अनेकांची चूक इथेच होते. मॅक संगणकात याच कामासाठी ‘टाइम मशीन’ आहे.

‘फ्रीफाइलसिंक’ फाइली जशाच्या तशा कॉपी करते, त्यामुळे त्या कोणत्याही संगणकावर उघडतात. डिलीट झालेल्या फाइली वेगळ्या ठेवण्याची सोय त्यात आहे, फक्त ती सुरू करावी लागते. ‘डुप्लिकाटी’ फाइली दाबून लहान करते आणि पासवर्डने बंद ठेवते. क्लाउडसाठी ते उपयुक्त आहे, पण फाइली सहजी परत मिळवायला तेच सॉफ्टवेअर लागते. विंडोजसकट अख्ख्या संगणकाची प्रत हवी असेल, तर ‘वीम एजंट’ची मोफत आवृत्ती आहे.

‘क्रॅक’ केलेले सशुल्क सॉफ्टवेअर मात्र टाळा. सगळ्या फाइली वाचण्याची मुभा आपण त्याला देतो आणि त्यात काय मिसळले आहे, हे कळायला मार्ग नसतो. विंडोज १० वर असलेल्यांनी तर उशीरच करू नये. त्याचे नियमित सहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे.

बॅकअप झाला, आता निश्चिंत?

अजून नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या हातून मुख्य डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच पद्धती असूनही ऐन वेळी त्यातली एकही नीट कामी आली नाही. शेवटी सहा तास आधी योगायोगाने घेतलेल्या प्रतीवर काम भागले. तोवर प्रत परत घेऊन पाहण्याची नियमित चाचणी झालीच नव्हती.

घरी ही चाचणी पाच मिनिटांची आहे. बॅकअपमधून एखादा जुना फोटो आणि एखादी फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये परत घ्या आणि उघडून पाहा. दोन्ही उघडले, तरच बॅकअप आहे असे समजा. आमच्या घरी आता हे काम दर पौर्णिमेला होते. वडीलच आठवण करतात, कारण दत्तजयंती पौर्णिमेला असते आणि ती तारीख त्यांना विसरता येत नाही. दोन डिस्क आहेत. एक आमच्या कपाटात, दुसरी आत्याकडे. आजोबांचा फोटो परत मिळाला नाही. त्यानंतरचे सगळे फोटो मात्र आता दोन गावांत आहेत.