चिप-कालमापन
चिप-कालमापन : धावण्याच्या शर्यतीतील स्पर्धकाची वेळ त्याच्याजवळील इलेक्ट्रॉनीय चिपद्वारे नोंदण्याची पद्धत. चिपमध्ये सामान्यतः विद्युत् घट नसतो. आरंभ व अंतिम रेषांवरील चटयांतील आकाशकांच्या रेडिओ तरंगांपासून तिला ऊर्जा मिळते व ती आपला क्रमांक प्रेषित करते. १९९६ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ही पद्धत वापरण्यात आली. गर्दीत मागे उभ्या स्पर्धकास आरंभरेषा गाठण्यास लागणारी मिनिटे वगळून त्याची निव्वळ वेळ मिळते, हा तिचा मुख्य लाभ होय. बुटास बांधावयाची चिप शर्यतीनंतर परत गोळा करावी लागते. छातीवरील क्रमांकपट्टीस चिकटविलेली चिप स्वस्त असून एकदाच वापरतात, परंतु शरीरातील पाणी तिचे तरंग शोषते. अधिकृत वेळ मात्र पिस्तुलाच्या बारापासूनच धरतात आणि अटीतटीचा क्रम धडाच्या स्थितीवरून ठरवितात. म्हणून अग्रस्थानांच्या निर्णयासाठी चिपबरोबर कॅमेराही ठेवणे इष्ट असते.