रत्नागिरीची खिडकी, सोलापूरची खिडकी

घर बांधायचं तर आधी गाव कुठल्या रंगात पडतं ते बघा! इमारतींसाठीच्या हवामान-नकाशात भारताचे पाच रंग आहेत: उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, समशीतोष्ण, थंड आणि संमिश्र. संमिश्र म्हणजे चक्क आघाडी सरकार. सहा महिने टिकेल असं बहुमत एकाही हवामानाला मिळालं नाही, की गाव त्यात. दिल्ली त्यातलीच (हवामानाबद्दलच बोलतोय).

बंगळुरू समशीतोष्ण. पुणं मात्र ऊर्जा संवर्धन संहितेच्या यादीत उष्ण-दमट, मुंबईच्याच पंगतीला! पुणेकरांनी वाचकांच्या पत्रव्यवहारासाठी लेखणी परजायला हरकत नाही.

रंग बदलला की खिडकी बदलते. 2018च्या इको-निवास संहितेनुसार 600 चौरस फूट चटईक्षेत्राच्या फ्लॅटला उष्ण-दमट रत्नागिरीत बाहेर उघडणाऱ्या दारं-खिडक्या मिळून 100 चौरस फूट हव्यात. उष्ण-कोरड्या सोलापुरात 60 पुरतात. कारण सरळ आहे. दमट हवेत घाम वाळायला वारा लागतो, सोलापुरात दुपारचा वारा म्हणजे नुसत्या झळा. आणि हो, दोन झडपांची सरकती खिडकी निम्मीच उघडते, म्हणून हिशेबातही निम्मीच धरतात. बिल्डरला विचारून बघा.

हे आपल्या गवंड्यांना नकाशाविना ठाऊक होतं. सोलापूर-मराठवाड्याकडचं जाड मातीचं माळवद दिवसभर ऊन पितं आणि रात्री हळूहळू सोडतं. म्हणून तर उन्हाळ्यात वळकट्या वर जायच्या. तेच माळवद कोकणात घातलं तर मृगातच अंगणात उतरेल! तिथे उतरती कौलं हवीत: पाणी धावतं खाली आणि फटींतून घर श्वास घेतं.

गंमत म्हणजे, एसीविना घर गार कसं ठेवायचं हे शोधायला वास्तुविशारद हवेतल्या उष्णता-ओलाव्याचा जो आलेख वापरतात, तो रूढ केला विलिस कॅरियरने. एसीवाला कॅरियर, तोच!

मुंबईची अडचण मात्र नकाशाच्या रंगाने सुटत नाही. समुद्राचा वारा पश्चिमेचा. तिसऱ्या प्रहरचं ऊन आणि पावसाची झोडही तिकडूनच. म्हणून वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी 1983मध्ये पूर्ण झालेल्या तिथल्या ‘कांचनजंगा’ इमारतीत खोल्या आत सरकवल्या आणि कोपऱ्यांवर दोन मजले उंचीच्या बागा सोडल्या. कोकणात याला पडवी म्हणतात. ही फक्त 28 मजले चढली.