फूल गेले म्हणून कांदा उपटू नये

मार्च सरता सरता इंदूरजवळच्या बेटम्यातल्या अंगणांत लाल-केशरी कर्ण्यांची अमरिलिस लिली फुलून जाते, आणि आठवड्याच्या आत कुणीतरी कात्री घेऊन तिची पानेही साफ करते. ‘फूल झाले, आता पानांचे काय काम?’ पुढच्या वर्षी दांडा आला नाही की मग दोष कांद्याला.

खरे काम तर पानांचेच असते. फुलण्यात कांदा रिता होतो. उन्हाळाभर, पावसाळाभर पाने त्याला पुन्हा भरतात. ही लिली साधारण चार पानांमागे एक फुलदांडा कांद्याच्या पोटात तयार करते. वाया गेलेला एखादा जाडजूड कांदा हाती लागला, तर उभा चिरून पाहावा. पापुद्र्यांच्या मधे पुढच्या हंगामाची फिकट, इवलीशी कळी बसलेली दिसते. (नंतर हात आणि सुरी स्वच्छ धुवावी. हा कांदा विषारी आहे; स्वयंपाकघरातल्या टोपलीजवळही ठेवू नये.)

मग हलवायचा केव्हा? दिवाळीनंतर पाणी कमी करत न्यावे, पाने आपसूक पिवळी पडू द्यावीत, आणि डिसेंबर-जानेवारीत, कांदा झोपलेला असताना, पिल्ले सोडवून नवीन जागी लावावीत. खोल पुरला की जोमाने येतो, हीही एक समजूत. अमरिलिसची मान मातीच्या वर राहिली पाहिजे, नाहीतर पाणी साचून ती कुजते. आणि दरवर्षी उपटायची गरजच नाही. तिला दाटी चालते, ढवळाढवळ चालत नाही.

दुसरा घोटाळा परदेशी पाकिटांचा. त्यावर ‘सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावा’ असे छापलेले असते. ते वेळापत्रक हॉलंडच्या थंडीचे. ट्यूलिपला सलग बारा ते सोळा आठवडे चांगला गारवा लागतो. आपल्याकडे जानेवारीत रात्री कितीही कुडकुडलो तरी दुपारी पारा पंचविशीला टेकतो, आणि तेवढ्याने कांद्याचे गणित बिघडते. श्रीनगरच्या ट्यूलिप बागेत ती थंडी फुकट मिळते. दिल्लीत रस्त्याकडेला फेब्रुवारीत जे ट्यूलिप दिसतात, ते हॉलंडहून आणवलेले, थंडी आधीच खाऊन आलेले कांदे असतात. हौस असेल तर फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवून डिसेंबरअखेर कुंडीत लावावेत. पण त्याच कप्प्यात सफरचंदे नकोत. पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी मरते. एवढे करूनही फूल एकदाच. दुसऱ्या वर्षाची आशा धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

माळव्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरची लावण शोभते ती ग्लॅडिओलसला. जानेवारी-फेब्रुवारीत दांडे निघतात. दांडा कापताना खाली चार-पाच पाने राखावीत आणि दीड-दोन महिन्यांनी, पाने पिवळी पडल्यावर, गड्डे काढावेत. उपटल्यावर खाली सुकलेली चकती दिसते, ती पाहून ‘कीड लागली’ म्हणून अख्खा गड्डा फेकणारे मी पाहिले आहेत. ती चकती म्हणजे गेल्या वर्षीचा गड्डा; त्याच्या डोक्यावर नवा बसलेला असतो. चकती मोडून टाकावी, नवा सावलीत वाळवून हवेशीर ठेवावा. निशिगंधाचे वेळापत्रक आणखी निराळे. त्याची लावण फेब्रुवारी-मार्चमध्ये. फुललेला कांदा पुन्हा फुलत नाही, भोवतीची पिल्ले फुलतात. म्हणून दोन-तीन वर्षांनी गड्डा फोडावा लागतो.

आपली काळी माती कसदार, तेव्हा कांद्यांना उत्तमच, असे वाटणे स्वाभाविक आहे. गव्हाला ती उत्तम आहेच. पण पावसाळ्यात ती फुगते, पाणी धरून बसते, आणि कांदा त्या चिखलात सडतो. वाफा वीतभर उंच करावा, मातीत वाळू आणि कुजलेले खत मिसळावे. ओले शेण मात्र कांद्याला लावू नये. नीट कुजलेल्या खताचे महत्त्व जगाला सांगणारी पद्धत तर इथलीच. अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत पालापाचोळा, शेण, माती आणि राख यांचे थर रचून, ढीग वरखाली करत, तीन महिन्यांत खत बनवायची रीत बसवली. ती आजही ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते.

फुटबॉल लिलीचा घोळ अमरिलिसच्या उलट. हिवाळ्यात तिचे पानही उरत नाही. कुंडी रिकामी समजून कुणीतरी त्यात कोथिंबीर पेरते, खुरपे थेट कांद्यात जाते. वळवाची एखादी सर आली की मे महिन्यात त्याच कोरड्या मातीतून आधी फूल येते, पाने मागाहून. जागा लक्षात राहावी म्हणून आमच्या कुंडीत कांद्याशेजारी जुना टूथब्रश खोचून ठेवला आहे.