पडद्यामागचा दिवा

दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर झेंडूचं तोरण होतं. जर्द केशरी फुलं, मध्येच एखादं पिवळं, मागे गेरूने रंगवलेली भिंत. माझा नवा मॉनिटर येऊन आठवडा झाला होता. त्याच सकाळी मी तो कॅलिब्रेट केला होता आणि सॉफ्टवेअरने शेवटी दिलेला अहवाल चोख होता. सरासरी डेल्टा-ई एकाहून कमी, म्हणजे हवा तो रंग आणि पडद्यावरचा रंग यांतला फरक डोळ्याला जेमतेम जाणवेल इतकाच. दुपारी छापखान्यातून प्रूफ आलं. ते पडद्याशेजारी धरलं आणि मी चपापले. पडद्यावरचा झेंडू लिंबाकडे झुकला होता. जिथे नुसता कोरा कागद दिसायला हवा, तिथला पांढराही हिरवट होता. छापखान्यात फोन केला, तर मशीनवरचे काका म्हणाले, "ताई, प्रूफ बरोबर आहे. पडदा तपासा."

पडदा तर मी सकाळीच तपासला होता. दोन तास मी डोळ्यांवर संशय घेतला, ट्यूबलाइटवर घेतला, प्रूफच्या कागदावरही घेतला. रंग मोजायचं यंत्र आठ वर्षांपूर्वी घेतलेलं आहे, हे त्या दोन तासांत एकदाही मनात आलं नाही. आणि अहवाल चोख का आला, याचं उत्तरही तिथेच होतं. ज्या यंत्राने पडदा लावला, त्याच यंत्राने तो तपासला होता. वाण्याने ज्या तराजूवर साखर तोलली त्याच तराजूवर ती पुन्हा ठेवून वजन भरलं म्हणण्यासारखंच ते. तराजूतच खोट असेल, तर दोन्ही वेळा काटा तेच दाखवणार.

फोटोग्राफर, पुस्तकांची सजावट करणारे, अल्बम छापणारे असे अनेक जण मला विचारतात, "कॅलिब्रेटर कुठला घेऊ?" पूर्वी मी एखाद्या मॉडेलचं नाव सांगून मोकळी होत असे. आता आधी उलटा प्रश्न विचारते, तुमच्या पडद्यामागे दिवा कोणता आहे?

हा प्रश्न कुठून आला ते सांगायचं, तर रंग मोजणं म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागेल. लांबी वस्तूत असते, पट्टी लावली की मोजता येते. रंगासाठी प्रकाशाबरोबर डोळाही लागतो. म्हणून यंत्राला आधी कुणाचा तरी डोळा उसना घ्यावा लागतो. तो डोळा १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये तयार झाला. डब्ल्यू. डेव्हिड राइट यांनी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात दहा जणांना आणि जॉन गिल्ड यांनी टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत सात जणांना बसवलं. समोर वर्णपटातला एक शुद्ध रंग ठेवायचा आणि शेजारी लाल, हिरवा, निळा असे तीन प्रकाश कमीजास्त करत त्याची जोडी जमवायची. या सतरा जणांच्या नोंदींची सरासरी काढून सीआयई या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९३१ साली 'प्रमाण निरीक्षक' ठरवला. आज दुकानात मिळणारं रंग मोजायचं यंत्र स्वस्त असो की महाग, त्याचं काम एकच असतं. समोरचा प्रकाश पाहून त्या प्रमाण निरीक्षकाला कोणता रंग दिसला असता ते सांगायचं.

हे काम करायच्या वाटा दोन. पहिली कलरीमीटरची. त्यात रंगीत फिल्टर असतात आणि प्रत्येक फिल्टरमागे प्रकाश मोजणारा छोटा सेन्सर. प्रमाण निरीक्षकाच्या डोळ्याची नक्कल त्या फिल्टरांनी करायची असते. यंत्र चपळ असतं, पडद्यावरच्या गडद, काळपट छटाही नीट वाचतं आणि काही हजारांत येतं. अडचण एवढीच की नक्कल कधी तंतोतंत जमत नाही. फिल्टर कुठे थोडा जास्त उजेड सोडतो, कुठे थोडा कमी.

दुसरी वाट स्पेक्ट्रोची. पावसाळ्यात ऊन पडलं की इंद्रधनुष्य फुटतं, तसा हे यंत्र आलेला प्रकाश बारीक रेघांच्या जाळीवरून फोडतं आणि वर्णपटाच्या प्रत्येक पट्टीत किती उजेड आहे ते वेगवेगळं मोजतं. प्रमाण निरीक्षकाचा हिशेब मग गणिताने होतो, फिल्टरच्या नकलेवर भिस्त राहत नाही. म्हणून दिवा कोणताही असो, स्पेक्ट्रो सहसा फसत नाही. पण प्रकाश इतक्या पट्ट्यांत वाटला गेल्यामुळे प्रत्येकीच्या वाट्याला थोडाच येतो आणि काळ्याच्या जवळ गेलं की आकडे डळमळू लागतात. वेळही जास्त लागतो, आणि आयवन प्रोसारख्या चांगल्या स्पेक्ट्रोची किंमत लाखाच्या पुढे जाते.

माझ्या झेंडूचं काय झालं ते आता सांगता येईल. मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस घेताना बायका साडी आणि कापड घेऊन दुकानाच्या दाराशी येतात. आतल्या दिव्यात जोडी जमलेली असते, पण उन्हात ती फुटेल का हे त्यांना पाहायचं असतं. दोन वेगळे प्रकाश डोळ्याला एकच रंग दाखवू शकतात, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. पडद्यांचंही तसंच. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या एलसीडीमागे बारीक फ्लुरोसंट नळ्या असत. मग पांढरे एलईडी आले, निळा एलईडी आणि त्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप. पडद्याने जास्त गडद, भडक रंग दाखवावेत म्हणून पुढे लाल आणि हिरव्यासाठी वेगळे फॉस्फर वापरले जाऊ लागले. त्यातल्या एका लाल फॉस्फरचा प्रकाश ६३१ नॅनोमीटरच्या आसपास सुईसारख्या अरुंद सुळक्यांत येतो. नंतर क्वांटम डॉट आले, ओलेड आले, दोहोंचा मेळही आला. डोळ्याला हे सगळे पडदे सारखेच पांढरे वाटू शकतात. प्रकाशाची घडण मात्र प्रत्येकाची निराळी असते.

कलरीमीटरच्या फिल्टरमधली चूक पसरट, सौम्य वर्णपटावर बरीचशी वजा होऊन जाते. सुळक्यांच्या वर्णपटावर ती उघडी पडते, कारण सुळका नेमका फिल्टर चुकतो त्या जागी उभा असू शकतो. म्हणून कारखान्यात यंत्राला त्या काळच्या नेहमीच्या दिव्यांसाठी दुरुस्तीचे आकडे दिलेले असतात. माझ्या जुन्या यंत्राला नळ्या आणि साधे पांढरे एलईडी माहीत होते. नव्या पडद्याच्या दिव्याशी त्याची ओळखच नव्हती. त्याने हिरवा कमी मोजला, सॉफ्टवेअरने तो वाढवला आणि झेंडूचा लिंबू झाला.

यावर उपाय आहे, आणि तो नवं यंत्र घेतल्याशिवायही कधी कधी सापडतो. कॅलिब्रेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीलाच पडद्याचा प्रकार विचारणारी एक यादी येते. पांढरा एलईडी, वाइड गॅमट एलईडी, ओलेड अशी नावं त्यात असतात. बहुतेक जण ती वाचतही नाहीत, जे आधीच निवडलेलं असेल ते तसंच ठेवून पुढे जातात. माझ्या मते सगळ्या प्रक्रियेत त्या एका ओळीइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही. यंत्राने कुठली दुरुस्ती लावायची हे तिथे ठरतं. पडदा कंपनीच्या माहितीपत्रकात बॅकलाइटचा प्रकार सहसा लिहिलेला असतो. तो शोधण्यात अर्धा तास गेला तरी चालेल.

ही दुरुस्ती दोन तऱ्हांची असते. एकीत विशिष्ट यंत्र आणि विशिष्ट पडदा यांची जोडी धरून आकड्यांचा तक्ता बनवतात. हा तक्ता त्या जोडीपुरताच खरा. दुसरीत फक्त दिव्याच्या वर्णपटाची नोंद असते, पण त्यासाठी आपले फिल्टर नेमके कसे आहेत हे यंत्राला स्वतःला ठाऊक असावं लागतं. २०११ मध्ये आलेल्या आयवन डिस्प्ले प्रोमध्ये ही सोय होती. प्रत्येक नगाचे फिल्टर कारखान्यात मोजून ती माहिती त्याच नगाच्या स्मृतीत साठवलेली असते. म्हणून उद्या नवा दिवा बाजारात आला, तर त्याच्या वर्णपटाची एक फाइल पुरते, यंत्र टाकून द्यावं लागत नाही. फोटो आणि व्हिडिओसाठीची या घराण्यातली यंत्रं २०२१ पासून कॅलिब्राइट या नावाने मिळतात. यंत्र निवडताना माझ्या लेखी हा गुण किमतीच्या आणि वेगाच्याही वर आहे. ग्रेम गिल यांचं आर्गिल सीएमएस आणि त्यावर उभं असलेलं डिस्प्लेकॅल ही सॉफ्टवेअरं मोफत मिळतात आणि दोन्ही तऱ्हांच्या दुरुस्त्या वापरू देतात.

फिल्टरचं वय हा दुसरा मुद्दा, आणि आपल्याकडच्या हवेत तो जास्तच लागू पडतो. जुन्या कलरीमीटरांमध्ये रंग मिसळलेले जिलेटिनसारखे किंवा प्लॅस्टिकचे फिल्टर असत. काळ आणि दमट हवा दोन्ही त्यांना खातात. मुंबईत किंवा रत्नागिरीत चार पावसाळे उघड्या टेबलावर काढलेलं असं यंत्र मी सेकंडहँड घेणार नाही, कितीही स्वस्त मिळालं तरी. काचेवर थर चढवलेले फिल्टर पुष्कळ टिकतात, पण यंत्र हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायची सवय तरीही सोडू नये. वाण्याच्या तराजूवर वैधमापन खात्याचा शिक्का ठरावीक मुदतीने मारून घ्यावा लागतो. आपल्या यंत्राची तशी चौकशी करायला कुणी येत नाही, तेव्हा ती आपणच करायची.

मग कुणी काय घ्यावं? एक-दोन पडद्यांवर फोटो किंवा छपाईचं काम करणाऱ्याने फक्त पडद्यासाठी स्पेक्ट्रो घेऊ नये. नव्या पिढीतला कलरीमीटर त्याच्या कामाला पुरून उरतो, आणि वाचलेल्या पैशात चांगला पडदा येतो. ज्या छापखान्यात प्रिंटरची आणि कागदांची प्रोफाइल बनवावी लागतात त्यांना मात्र स्पेक्ट्रो हवाच, कारण छापलेला नमुना पडद्याच्या कलरीमीटरने मोजता येत नाही. त्यांनी तोच स्पेक्ट्रो पडद्यावर लावून कलरीमीटरची दुरुस्ती बनवावी आणि पुढची सगळी मोजणी कलरीमीटरवर करावी. वर्णपट एकाने सांगायचा, गडद छटा दुसऱ्याने वाचायच्या. सिनेमाच्या कलर ग्रेडिंगमध्येही हीच रीत आहे, फक्त तिथे क्लाइन के-१० सारखी फार महागडी यंत्रं असतात. एक इशारा स्पेक्ट्रोवाल्यांसाठीही. नेहमीच्या स्पेक्ट्रोची पट्टी दहा नॅनोमीटर रुंद असते आणि त्या लाल सुळक्यांची टोकं तिला बोथट दिसतात. अशा पडद्यासाठी बारीक पट्टीच्या यंत्रावर नोंदलेल्या वर्णपटाची फाइल मिळाली तर ती वापरावी.

हल्ली यंत्राच्या खोक्यावर दोन हजार, दहा हजार निट्स असे उजेडाचे आकडे ठळक छापलेले असतात. हे एचडीआर पडद्यांसाठी. छपाईच्या कामासाठी पडदा ८० ते १२० निट्सवर ठेवतात, तेव्हा त्या आकड्यासाठी जादा पैसे मोजायचं कारण नाही. गावातल्या चार-पाच फोटोग्राफरांनी मिळून एक चांगलं यंत्र घ्यावं, महिन्यातून एकदा ते फिरवावं, हे मला प्रत्येकाने एकेक स्वस्तातलं घेण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचं वाटतं.

यंत्र आल्यावरचं काम फार नाही. पडदा अर्धा तास तापू द्यायचा. तो किंचित मागे कलवायचा, म्हणजे यंत्र त्यावर सपाट टेकतं आणि कडेने उजेड शिरत नाही. भडक रंगाच्या भिंतीचं प्रतिबिंब, खिडकीचं ऊन, पडद्यावर थेट पडणारी ट्यूब हे सगळं टाळायचं. कॅलिब्रेशन आणि प्रोफाइल हे दोन शब्द लोक एकच समजतात, ते मात्र वेगळे आहेत. तानपुरा जुळवून घेणं हे कॅलिब्रेशन, पांढरा, उजेड आणि गॅमा ठरल्या जागी आणणं. जुळवल्यावरही या वाद्याची कोणती तार कशी वाजते याची लेखी नोंद म्हणजे प्रोफाइल. ती नोंद वाचणाऱ्या सॉफ्टवेअरलाच तिचा उपयोग होतो. फोटोशॉप ती वाचतं, काही साधी फोटो पाहण्याची अ‍ॅप्स वाचत नाहीत, आणि मग एकाच पडद्यावर एकच फोटो दोन खिडक्यांत दोन तऱ्हांनी दिसतो.

मी नवा कलरीमीटर घेतला, यादीत बरोबर दिवा निवडला, आणि झेंडू पुन्हा केशरी झाला. तरी पांढऱ्यात केसभर फरक उरला होता. माझी सहकारी शेजारी बसली होती. मला पडदा अजून जरा हिरवट वाटत होता, तिला जरा गुलाबी. दोघींचं खरं होतं. त्या सतरा जणांच्या सरासरीपासून प्रत्येकाचा डोळा थोडा इकडे-तिकडे असतो, आणि सुळक्यांच्या प्रकाशात तो फरक वाढतो. सोनीने आपल्या ओलेड रेफरन्स मॉनिटरसाठी १९३१ च्या आकड्यांऐवजी जड नावाच्या शास्त्रज्ञाने सुधारलेले आकडे वापरून पांढरा ठरवला, तो अशाच एका अडचणीमुळे.

मग आम्ही उलट्या बाजूने काम केलं. प्रूफचा कोरा कागद ५००० केल्विनच्या दिव्याखाली ठेवला, पडद्याचा उजेड कागदाइतका आणला आणि पांढरा हळूहळू फिरवत नेला, जोवर आम्ही दोघीही "बास, इथेच" म्हणालो नाही तोवर. यंत्र टेकवून तो पांढरा मोजला. ५००० वर नव्हता, त्याच्या बराच वर होता. तो आकडा लक्ष्य म्हणून भरला, पुन्हा कॅलिब्रेट केलं, नवं प्रोफाइल बनवलं. हल्ली महिन्याच्या पहिल्या सोमवारी चहा होईपर्यंत पडदा तापतो आणि यंत्र त्याला त्याच पांढऱ्यावर आणून ठेवतं. त्या दिवशीचं प्रूफ काळ्या कागदात गुंडाळून खणात ठेवलं आहे. सहा महिन्यांनी एकदा ते बाहेर काढते, दिव्याखाली धरते आणि झेंडू जुळतो का ते पाहते.